कागदाबरहुकूम सगळं केलं, तरी खऱ्या सर्व्हरवर अडतंय

तक्रार बहुतेक वेळा एकाच वाक्यात येते: "टेस्ट मशीनवर तर नीट चाललं होतं." ऑफिसात एक पीसी रिकामा पडलेला असतो. त्यावर लिनक्स टाकून नवं सॉफ्टवेअर बसवून बघितलं जातं, केलेल्या पायऱ्या एका फाइलमध्ये उतरवल्या जातात, साहेबांना डेमो होतो. पुढे खरा सर्व्हर येतो, त्याच फाइलवरून दुसरं कुणीतरी काम सुरू करतं आणि मधल्याच कुठल्यातरी पायरीला सगळं ठप्प. मग फोनाफोनी, मग "अरे हो, ते लिहायचं राहिलं". पुढच्या सॉफ्टवेअरला पुन्हा हेच.

कारणं मोजकीच असतात. चाचणीचं मशीन कोरं नव्हतं. किंवा केलेलं सगळं कागदावर, म्हणजे त्या पायऱ्यांच्या फाइलमध्ये, आलं नाही. किंवा केलेलं फक्त रीबूट होईपर्यंत टिकणारं होतं. किंवा कागदच शिळा झाला. यातलं पहिलं कारण सर्वांत जास्त वेळा निघतं आणि सर्वांत शेवटी तपासलं जातं, म्हणून इथे त्यालाच जास्त जागा दिली आहे. उदाहरणं मुख्यतः डेबियन आणि उबुंटू या लिनक्सच्या वाणांची आहेत. रॉकी, अल्मा किंवा रेड हॅट या दुसऱ्या घराण्यात जिथे वेगळं घडतं तिथे तसं सांगितलं आहे.

"सगळं अनइन्स्टॉल केलंय" म्हणजे कोरं नव्हे

रिकामा पीसी म्हणजे कुणीतरी वापरून सोडलेला पीसी. त्यावर आधी कुणी वेबसर्व्हर लावून पाहिलेला असतो, कुणी डेटाबेस. 'एपीटी रिमूव्ह' दिल्यावर प्रोग्राम जातो, पण ईटीसी या फोल्डरमधल्या त्याच्या कॉन्फिग (सेटिंगच्या) फाइल्स जागेवरच राहतात. 'डीपीकेजी -एल'ची यादी काढा. ज्या ओळींच्या सुरुवातीला 'आरसी' ही अक्षरं दिसतील ती सगळी अशी अर्धवट गेलेली पॅकेजेस. तेच पॅकेज पुन्हा बसवलं की जुनी कॉन्फिग मुकाट्याने वापरली जाते, आणि आपल्याला वाटतं सॉफ्टवेअर काही न करता चाललं. 'पर्ज' केल्यावर कॉन्फिगही जाते, तरी त्या सेवेसाठी तयार झालेला सिस्टिम यूजर बहुधा राहतो, आणि सॉफ्टवेअरने चालताना स्वतः निर्माण केलेल्या फाइल्सही राहू शकतात.

उरलेल्या गोष्टींतली सर्वांत घातक म्हणजे बाहेरची रिपॉझिटरी, म्हणजे पॅकेजेस जिथून येतात ते परकं कोठार. 'सोर्सेस.लिस्ट.डी' फोल्डरमध्ये कुणीतरी पूर्वी जोडलेली एखादी फाइल पडून असते. तुम्ही तपासलेली आवृत्ती मग डेबियनची नसते, तिथली असते. कागदावर मात्र 'एपीटी इन्स्टॉल अमुक' एवढंच. खऱ्या सर्व्हरवर तीच कमांड बरीच मागची आवृत्ती आणते आणि कॉन्फिगमधला नवा पर्याय तिला ओळखता येत नाही. 'एपीटी-कॅश पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव दिलं की कुठली आवृत्ती कुठून आली ते लगेच दिसतं. ते आउटपुट कागदात जसंच्या तसं चिकटवून ठेवा.

अशा मशीनची साफसफाई करत बसण्यात अर्थ नाही. डिस्क पुसून ओएस नव्याने टाका. डिस्क पूर्वी सॉफ्टवेअर रेडमध्ये किंवा एलव्हीएममध्ये (अनेक डिस्क एकत्र बांधायच्या पद्धतींत) असेल तर नुसतं नवं पार्टिशन टेबल पुरत नाही. जुन्या रेडची खूण डिस्कच्या शेवटी राहिलेली असू शकते आणि इन्स्टॉलर तो मेलेला रेड पुन्हा जोडायला बघतो. आधी पार्टिशन्सवर आणि मग पूर्ण डिस्कवर 'वाइपएफएस -ए' चालवा, मात्र डिस्कचं नाव दोनदा बघून.

ओएस बसल्याबसल्या, दुसरं काहीही करायच्या आत, तीन याद्या काढून दुसऱ्या मशीनवर ठेवा: 'एपीटी-मार्क शोमॅन्युअल', 'डीपीकेजी -एल' आणि 'एसएस -टीएलएनपी'. पहिलीत कुणी मुद्दाम बसवलेली पॅकेजेस कळतात, शेवटचीत कुठल्या पोर्टवर कोण ऐकतंय ते. खऱ्या सर्व्हरवर काम सुरू करण्याआधी त्याच तीन याद्या तिथेही काढून 'डिफ' मारा. भांडण व्हायच्या आधी अर्धे प्रश्न इथेच मिटतात.

अपग्रेड होत आलेलं मशीन

कचरा नाही, बाहेरची रिपॉझिटरी नाही, सगळं अद्ययावत आहे, तरीही मशीन कोरं नसतं, कारण ते जुन्या आवृत्तीवरून अपग्रेड होत आलेलं असतं. डेबियन ११ वरून १२ वर आलेला पीसी आणि थेट डेबियन १२ टाकलेला सर्व्हर, दोघेही स्वतःला डेबियन १२ म्हणवतात. वागतात वेगळे.

पोस्टग्रेस हा डेटाबेस घ्या. डेबियन ११ मध्ये त्याची आवृत्ती १३ होती, १२ मध्ये १५ आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या १५ व्या आवृत्तीत एक मोठा बदल झाला: 'पब्लिक' स्कीमामध्ये (डेटाबेसमधल्या टेबलांच्या मूळ कप्प्यात) टेबल बनवायचा जो हक्क आधी कुणालाही आपोआप मिळायचा, तो काढून घेतला. गंमत अशी की हा बदल नव्या क्लस्टरला (पोस्टग्रेसची एक स्वतंत्र मांडणी, तिच्यात अनेक डेटाबेस) आणि नव्याने बनवलेल्या डेटाबेसला लागू होतो. जुना क्लस्टर अपग्रेड केला किंवा जुन्या डेटाबेसचा डम्प परत चढवला तर जुने हक्क तसेच राहतात. त्यामुळे अपग्रेड झालेल्या पीसीवर ॲप्लिकेशन बिनबोभाट टेबलं बनवतं, आणि नव्या सर्व्हरवर पहिल्याच मायग्रेशनला (टेबलं बनवण्याच्या पायरीला) 'परमिशन डिनाइड फॉर स्कीमा पब्लिक' असा एरर येतो. कागदात यूजर बनवा, डेटाबेस बनवा, 'ग्रांट ऑल ऑन डेटाबेस' द्या असं लिहिलेलं असतं, आणि समोरचा ती ग्रांटची ओळ पुन्हापुन्हा चालवत बसतो. डेटाबेसवरच्या ग्रांटने स्कीमामध्ये काही बनवायचा हक्क मिळत नाही. सरळ उपाय म्हणजे डेटाबेस बनवतानाच त्याचा मालक ॲप्लिकेशनचा यूजर ठेवायचा. 'क्रिएटडीबी'ला त्यासाठी मोठ्या ओचा पर्याय आहे. १५ पासून पब्लिक स्कीमाची मालकी डेटाबेसच्या मालकाकडे जाते, त्यामुळे पुढचं आपोआप सुटतं. सुपरयूजरचे हक्क देऊन टाकणं हा उपाय नव्हे, कितीही घाई असली तरी.

त्याच पीसीवर आणखी एक खोड सापडते. अपग्रेडनंतर जुना १३ चा क्लस्टर ५४३२ पोर्ट धरून बसलेला असतो आणि नवा १५ चा क्लस्टर पुढचा मोकळा पोर्ट, म्हणजे ५४३३, घेतो. चाचणी करणारा ॲप्लिकेशनच्या कॉन्फिगमध्ये ५४३३ टाकून मोकळा होतो आणि कागदात तोच आकडा जातो. नव्या सर्व्हरवर ५४३३ वर कुणीच नसतं. 'पीजी-एलएसक्लस्टर्स' दिल्यावर किती क्लस्टर आहेत ते दिसतं. चाचणीच्या मशीनवर एकापेक्षा जास्त क्लस्टर दिसले तर तिथेच थांबा आणि ओएस नव्याने टाका.

दुसरं उदाहरण फेलटूबॅनचं, म्हणजे वारंवार चुकीचं लॉगिन करणाऱ्यांना अडवणाऱ्या सॉफ्टवेअरचं. डेबियन १२ पासून आरसिसलॉग (लॉग फाइलमध्ये लिहिणारी सेवा) मुळात बसत नाही, लॉग सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीच्या जर्नलमध्ये जातात. अपग्रेड झालेल्या मशीनवर ते आधीपासून असतं, म्हणून तिथे 'ऑथ.लॉग' फाइल असते आणि फेलटूबॅन लगेच सुरू होतं. नव्या मशीनवर ती फाइलच नाही, त्यामुळे सेवा सुरू होतानाच पडते आणि लॉगमध्ये एसएसएचडी जेलसाठी लॉग फाइल सापडली नाही असं येतं. काही जण मग आरसिसलॉग बसवतात. चालतं, पण 'जेल.लोकल'मध्ये एसएसएचडीच्या भागात 'बॅकएंड' हा 'सिस्टिमडी' ठेवणं जास्त नीट. त्यासाठी पायथनचं सिस्टिमडी मॉड्यूल लागतं, आणि ते फेलटूबॅनच्या 'रेकमेंड्स' यादीत आहे, 'डिपेंड्स'मध्ये नाही. खऱ्या सर्व्हरवर कुणी शिस्तीचा ॲडमिन असेल तर त्याने शिफारशीची पॅकेजेस बसवणं बंद करून ठेवलेलं असतं. तिथे दुसरा धक्का. म्हणून ज्या सॉफ्टवेअरची चाचणी करताय त्याच्या शिफारशींमधलं खरंच काय लागतं ते शोधून, ती नावं इन्स्टॉलच्या ओळीत स्पष्ट लिहा.

मराठी मजकूर मावत नाही

हा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो, इंग्रजी डेमो डेटावर चाचणी करणाऱ्यांच्या लक्षातही येत नाही. पोस्टग्रेसचा क्लस्टर बनताना जे लोकेल (भाषा-लिपीची सेटिंग) लागू असेल त्यावरून एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये कशी साठवायची ते, ठरतं. लोकेल 'सी' किंवा 'पॉझिक्स' असेल तर 'एसक्यूएल-आस्की' मिळतं, म्हणजे डेटाबेसला अक्षरं कळत नाहीत, फक्त बाइट कळतात. 'पुरुषोत्तम' या नावात युनिकोडची १० चिन्हं आहेत, यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकाला ३ बाइट, एकूण ३०. कॉलम २० अक्षरांचा असेल तर यूटीएफ-८ वाल्या मशीनवर नाव आरामात बसतं; एसक्यूएल-आस्कीवाल्यावर 'व्हॅल्यू टू लाँग' येतो. 'रमेश' मात्र दोन्हीकडे बसतो, त्यामुळे चूक काही दिवस लपून राहते.

इथे एसएसएच दिशाभूल करतं. डेबियनच्या मूळ कॉन्फिगनुसार तुमच्या लॅपटॉपचं लोकेल सोबत सर्व्हरवर जातं. तुमच्या सत्रात 'लोकेल' कमांड छान यूटीएफ-८ दाखवते, सिस्टिमचं लोकेल मात्र भलतंच असू शकतं. ते 'लोकेलसीटीएल'ने बघा. आणि डेटा चढवण्याआधी पीएसक्यूएलमध्ये डेटाबेसची यादी काढून एन्कोडिंगचा रकाना बघणं ही कागदातली एक स्वतंत्र पायरी करा. चुकीचं असेल आणि क्लस्टर रिकामा असेल तर तो टाकून योग्य लोकेलने नवा बनवणं मिनिटाभराचं काम आहे. डेटा भरल्यावर तेच काम रविवार खातं. चाचणीचा डेटा मराठीच घ्या, जोडाक्षरांचा, लांब आडनावांचा.

दोन क्लोन एकमेकांच्या जागी

एका मशीनवर सगळं नीट झालं की त्याची व्हर्च्युअल प्रत काढून दुसऱ्या चाचणीला वापरायचा मोह होतो. मग लक्षणं चमत्कारिक: दोन्ही मशीनना एकच आयपी, एसएसएच मध्येच तुटतं, एकावर केलेला बदल "गायब" होतो कारण तुम्ही मुळात दुसऱ्यावर असता. कारण ईटीसीमधली 'मशीन-आयडी' फाइल. मॅक ॲड्रेस वेगळे असले तरी उबुंटू सर्व्हरवर नेटवर्क सांभाळणारं सिस्टिमडी-नेटवर्कडी डीएचसीपीला (आयपी वाटणाऱ्या सेवेला) जी ओळख सांगतं ती या फाइलवरून बनते. ओळख एक, म्हणून पत्ता एक. प्रत काढण्याआधी मूळ मशीनवर ती फाइल उडवू नका, रिकामी करा; बूट होताना नवी ओळख तयार होते. डी-बसची तशीच फाइल बहुतेक ठिकाणी हिच्याकडेच बोट दाखवणारी लिंक असते, तेवढं बघून घ्या. एसएसएचच्या होस्ट कीसुद्धा प्रत्येक प्रतीवर काढून 'एसएसएच-कीजेन -ए'ने नव्या करा, नाहीतर सगळ्या प्रतींचा ठसा एकच राहतो.

कागदावर काय आलं नाही

सगळं झाल्यावर आठवून लिहिलेला कागद हा आठवणीचा कागद असतो. बॅशच्या हिस्टरीवर भिस्त ठेवणंही तितकंच कच्चं. दोन टर्मिनल उघडी असतील तर कुठली ओळ आधीची हे कळत नाही, डेबियनच्या नेहमीच्या सेटिंगमध्ये सुरुवातीला स्पेस असलेली कमांड नोंदली जात नाही, आणि मुख्य म्हणजे फाइल उघडून आत काय बदललं हे हिस्टरीत नसतंच.

काम सुरू करताना 'स्क्रिप्ट' कमांड चालू करा. त्या सत्रात स्क्रीनवर आलेलं सगळं फाइलमध्ये जातं. कमांडच्या ओळीतच पासवर्ड दिला असेल तर तोही जातो, म्हणून ती फाइल वाटण्याआधी चाळा. ईटीसीमधल्या बदलांसाठी 'ईटीसीकीपर' बसवा. ते पूर्ण फोल्डर गिटमध्ये ठेवतं आणि एपीटी चालण्याआधी-नंतर आपोआप कमिट करतं. शेवटी 'गिट डिफ' काढला की कुठली ओळ कशी बदलली ते पुराव्यासकट मिळतं. कागदात "कॉन्फिगमध्ये योग्य तो बदल करा" अशा ओळीऐवजी हा डिफ चिकटवा.

ईटीसीच्या बाहेर काय झालं ते शोधायला सोपी युक्ती आहे. काम सुरू करण्यापूर्वी 'टच'ने एक खूण-फाइल बनवा आणि शेवटी 'फाइंड'ला 'सीन्यूअर' पर्याय देऊन त्या खुणेनंतर बदललेल्या फाइल्स मागा. नुसता 'न्यूअर' चालत नाही: डीपीकेजी पॅकेजमधल्या फाइल्सना पॅकेज बनलं तेव्हाची तारीख देतं, त्यामुळे आत्ता आलेली फाइलही जुनी दिसते. 'सीन्यूअर' बघतं तो सीटाइम (फाइलची नोंद शेवटची बदलल्याची वेळ) मात्र आत्ताचाच असतो.

इन्स्टॉलरमध्ये दिलेली उत्तरंही कागदावर येत नाहीत: डिस्क कशी विभागली, कुठले गट निवडले, किबोर्ड कुठला. रॉकी-अल्मावर ही उत्तरं रूटच्या होममध्ये 'ॲनाकोंडा-केएस.सीएफजी' नावाने तयारच असतात, डेबियन-उबुंटूवर 'व्हार/लॉग/इन्स्टॉलर'मध्ये त्यांचा माग मिळतो. उचलून कागदासोबत ठेवा.

वर्डमधून कॉपी केलेली कमांड

बरोबर लिहिलेली कमांडही कागदातून उचलल्यावर चालत नाही, याचं कारण बऱ्याचदा वर्ड असतं. ते सरळ अवतरणचिन्हांना वळणदार करतं आणि दोन हायफन जोडून एक लांब रेघ काढतं. शेलला दोन्ही अनोळखी. व्हॉट्सॲपवर कमांड पाठवली तर तारांकनं आणि अंडरस्कोर गिळले जाऊन अक्षरं ठळक किंवा तिरकी होतात. वेबपानावरून उचललेल्या ओळीत न तुटणारी स्पेस येते. डोळ्यांना साधी स्पेस दिसते आणि शेल म्हणतं 'कमांड नॉट फाउंड'. विंडोजच्या नोटपॅडमध्ये जतन केलेली स्क्रिप्ट असेल तर 'बॅड इंटरप्रिटर'. संशय आला की ती ओळ फाइलमध्ये टाकून 'कॅट -ए'ने बघा: विंडोजच्या ओळीच्या शेवटी टोपीवाला एम दिसतो, आणि वळणदार चिन्हांच्या जागी एम-हायफनने सुरू होणारे तुकडे. पहिल्याला 'डॉसटूयुनिक्स', दुसऱ्याला कागद साध्या टेक्स्टमध्ये किंवा मार्कडाउनमध्ये ठेवणं. या लेखात कमांडची नावं वाचण्यापुरती देवनागरीत आहेत. तुमच्या कागदात ती टर्मिनलवर टाइप होतात तशीच हवीत, पोर्टचे आकडेसुद्धा. आणि स्क्रीनशॉट लावायचे तर सोबतीला लावा, कमांडच्या जागी नको.

प्रत्येक पायरीखाली ती कुठल्या यूजरने चालवायची आणि चालल्यावर काय दिसायला हवं हे लिहिलेलं असलं की अडणारा माणूस योग्य पायरीला अडतो. नाहीतर चौथ्या पायरीची चूक नवव्या पायरीला कळते.

रीबूट केल्यावर गेलं

चाचणीचं मशीन आठवडाभर चालू असतं, कुणी रीबूट करत नाही. खरा सर्व्हर पहिल्याच पॅच-मुहूर्ताला रीबूट होतो. 'सिस्टिमसीटीएल स्टार्ट' केलं पण 'इनेबल' नाही. डेबियनवर पॅकेज बसलं की सेवा बहुतेक वेळा आपोआप सुरू आणि चालू राहते, रेड हॅटच्या घराण्यात तसं होत नाही. 'सिसकंट्रोल -डब्ल्यू'ने दिलेला कर्नलचा आकडा 'सिसकंट्रोल.डी'मध्ये लिहिलेला नाही. फायरवॉलडीचा नियम 'परमनंट'शिवाय दिला. डिस्क हाताने माउंट केली, बूटला डिस्क जोडायची यादी, म्हणजे एफएसटॅब, कोरी. उपाय सगळ्यांना एकच: कागद पूर्ण झाला की मशीन रीबूट करा आणि लॉगिन न करता बाहेरून सेवा चालते का बघा. लॉगिन केल्यावर जे चालतं ते कदाचित तुमच्या लॉगिनमुळेच चालत असेल.

वरच्या परिच्छेदाचं शेवटचं वाक्य नोड किंवा पायथनवाल्यांनी जास्त लक्षात घ्यावं. एनव्हीएम या साधनाने होम फोल्डरमध्ये बसवलेला नोड तुमच्या शेलला सापडतो, कारण बॅशआरसीने पाथ बदललेला असतो. सिस्टिमडी बॅशआरसी वाचत नाही. सेवा पडते आणि स्टेटसमध्ये '२०३/एक्झेक' दिसतं. युनिट फाइलमध्ये प्रोग्रामचा पूर्ण पत्ता द्या. क्रॉनमध्येही हेच, तिथला पाथ तर आणखी तोकडा असतो. क्रॉनच्या वेळा बघताना टाइमझोनही बघा: नवे सर्व्हर बहुधा यूटीसीवर येतात, म्हणजे रात्री २ चा बॅकअप आपल्या सकाळी ७:३० ला, ऐन लोक कामाला लागताना.

परवानगी आहे, तरी परवानगी नाही

रॉकी किंवा अल्मावर फाइलचे हक्क ६४४, मालक बरोबर, तरी एनजिन्एक्स हा वेबसर्व्हर म्हणतो 'परमिशन डिनाइड'. इथे एसईलिनक्स, म्हणजे फाइलच्या हक्कांवरचा सुरक्षेचा दुसरा पहारा, आडवा येतो. चाचणीच्या मशीनवर कुणीतरी पहिल्याच दिवशी 'सेटएनफोर्स ०' देऊन तो पहारा ढिला केलेला असतो, कागदात त्याचा उल्लेख नसतो, आणि त्यामुळे त्या मशीनवर केलेली सगळी चाचणी या बाबतीत फुकट. 'गेटएनफोर्स'चं उत्तर 'एनफोर्सिंग' येतंय हे चाचणीच्या सुरुवातीला आणि शेवटी बघा.

नेहमी सापडणाऱ्या दोन जागा. कॉन्फिग फाइल होममध्ये लिहून 'एमव्ही'ने हलवली की होमचं लेबल तिच्यासोबत जातं. 'सीपी' केली असती तर नव्या जागेचं लागलं असतं. 'एलएस -झेड'ने लेबल बघा, 'रिस्टोरकॉन'ने दुरुस्त करा. दुसरी जागा म्हणजे एनजिन्एक्स मागच्या पोर्टवर प्रॉक्सी करताना येणारा ५०२. 'एचटीटीपीडी-कॅन-नेटवर्क-कनेक्ट' हा बूलियन (चालू-बंद स्विच) 'सेटसेबूल -पी'ने चालू करावा लागतो. पी विसरलात तर रीबूटला पुन्हा ५०२. नेमकं काय अडलं ते 'ऑसर्च'ला एव्हीसी प्रकार मागितला की कळतं. एसईलिनक्स कायमचं बंद करा असा सल्ला इंटरनेटवर पावलोपावली मिळेल. तो कागदात आलेला मला दिसला की मी पुढचा कागद वाचत नाही.

पीसीचं वय

जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा बटणसेल मेलेला असतो. वीज गेली की घड्याळ कित्येक वर्षं मागे. मग एपीटी सांगतं की रिलीज फाइल अजून वैध झालेली नाही, आणि एचटीटीपीएसची प्रमाणपत्रं "भविष्यातली" ठरतात. लोक प्रॉक्सीला आणि सर्टिफिकेटला शिव्या घालतात. आधी 'डेट' द्या. सीआर २०३२ सेल कुठल्याही घड्याळजीकडे मिळतो.

प्रोसेसर बदलता येत नाही. मोंगोडीबी या डेटाबेसला ५.० पासून पुढे एव्हीएक्स (प्रोसेसरमधल्या खास सूचनांचा संच) लागतं. नसेल तर 'इलीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून लगेच मरतं. रेड हॅट ९ आणि त्यावर आधारलेल्या रॉकी-अल्माला 'एक्स८६-६४-व्ही२' पातळीचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे कोअर टू ड्युओवर ते उभंच राहत नाही. उलटही होतं: पीसीवर थेट बसवलं तर चालतं, पण खरा सर्व्हर व्हर्च्युअल असून त्याला प्रॉक्समॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या व्यवस्थेचा डीफॉल्ट सीपीयू दिलेला आहे, ज्यात एव्हीएक्स पुढे पाठवलंच जात नाही. सीपीयूचा प्रकार 'होस्ट' केला की प्रश्न संपतो. 'एलएससीपीयू'चं आउटपुट दोन्हीकडचं जोडून ठेवा.

रंगीत तालीम

कागद तयार झाल्यावर मशीन पुन्हा पुसायचं आणि कागद न लिहिणाऱ्या माणसाच्या हाती द्यायचं. लिहिणाऱ्याने शेजारी बसायचं असेल तर तोंड बंद ठेवून. अडलं की मशीनवर हाताने दुरुस्ती करून पुढे जायचं नाही. कागद दुरुस्त करायचा, मशीन पुन्हा कोरं करायचं आणि पहिल्या पायरीपासून सुरुवात. हे कंटाळवाणं आहे, म्हणूनच त्या पीसीवर केव्हीएम टाकून त्यात व्हर्च्युअल मशीन बनवा आणि कोऱ्या अवस्थेचा स्नॅपशॉट बंद स्थितीत घ्या. चालू स्थितीतला घेतलात तर परत गेल्यावर रॅममधली जुनी अवस्थाही परत येते.

पायऱ्या आपोआप चालवणारं ॲन्सिबल का नाही, असा प्रश्न येतोच. जरूर करा, पण हाताने कागद एकदा निर्विघ्न पार पडल्यावर. आधीच प्लेबुक (ॲन्सिबलची पायऱ्यांची फाइल) लिहिलं तर मशीनवर उरलेला कचरा तिथेही तितकाच उपयोगी पडतो आणि प्लेबुक हिरवं दिसतं. डॉकरवाल्यांनी 'लेटेस्ट' टॅग कागदात लिहू नये. तो आज एका इमेजवर असतो, उद्या दुसऱ्या.

गेल्या वर्षी चालत होतं

सेंटओएस ८ चा आधार ३१ डिसेंबर २०२१ ला संपला, सेंटओएस ७ चा ३० जून २०२४ ला. त्यानंतर त्यांच्या नेहमीच्या मिररवरून पॅकेज येईनासं झालं आणि ज्या कागदात पहिलीच ओळ 'यम इन्स्टॉल' होती ते सगळे पहिल्या ओळीला पडले. पॅकेजेस व्हॉल्टमध्ये, म्हणजे जुन्या आवृत्त्यांच्या कोठारात, गेली आहेत, पण तिथून नवा सर्व्हर उभारू नका. जुना कागद कुठे चुकला ते पडताळण्यापुरता व्हॉल्ट ठीक. डेबियनच्या निवृत्त आवृत्त्यांसाठी तसंच स्वतंत्र आर्काइव्ह आहे, आणि एखाद्या विशिष्ट तारखेला रिपॉझिटरी कशी होती ते 'स्नॅपशॉट.डेबियन.ऑर्ग'वर मिळतं. तिथली रिलीज फाइल मुदत संपलेली असते, म्हणून चाचणीच्या मशीनवर एपीटीची 'चेक-व्हॅलिड-अंटिल' तपासणी तेवढ्यापुरती बंद करावी लागते. ज्या दिवशी कागद चालला होता ती तारीख कागदाच्या डोक्यावर लिहिलेली असेल तरच ही सोय उपयोगी, आणि बहुतेक कागदांवर ती नसते. तारखेखाली ओएसची पूर्ण आवृत्ती, कर्नल आणि मुख्य पॅकेजांच्या आवृत्त्या लिहा. आयएसओ फाइल आणि तिचा एसएचए-२५६ त्याच फोल्डरमध्ये ठेवा.